दोन गाड्या, एक पार्किंग आणि फाल्गुनातले घाट

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, पुण्यात कोथरूडला राहते. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आता खरोखरच सुरू होतोय. एप्रिलअखेर घर रिकामं करायचं आहे. भाड्याने घेतलेल्या घराला एकच पार्किंग आहे आणि नव्या इमारतीतही आमच्या वाट्याला एकच येणार. गाड्या मात्र दोन. एक २००८ ची वॅगनआर एलएक्सआय, जिच्यावर मी त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. दुसरी २०२० ची पेट्रोल ऑटोमॅटिक ब्रेझा, ह्यांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली. दरवर्षी होळी ते पाडवा या दिवसांत आम्ही दोघं एखाददुसरा घाट करून येतो. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी. बरोबर डबा, मुक्काम नाही. पळस-पांगारा बघायचा आणि संध्याकाळी घरी.

गेल्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे, पण घाटात चालवायला हे स्वतःच आता नको म्हणतात. म्हणजे चालवणार मी. माझा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबदाबून रात्री झोप येत नाही. तरी वॅगनआरमध्ये मी निर्धास्त असते. ब्रेझा रुंद वाटते, समोरून एसटी आली की घाम फुटतो. शिवाय ती ह्यांची गाडी, मी घ्यायची तर विचारून घेते. हे म्हणतात, वॅगनआर वाईला दिरांच्या अंगणात ठेवू. मुलगा बंगळुरूहून सांगतो, दोन्ही विका आणि कॅब करा. वॅगनआर विकायच्या विचाराने पोटात कालवाकालव होते. पण यंदाचा वसंत हातचा जाऊ द्यायचा नाही. काय करू?

उत्तर :

नमस्कार ताई,

माझं मत आधी सांगते, कारणं मग. ब्रेझा ठेवा, वॅगनआर विका. मात्र विकण्याआधी ब्रेझा तुमची व्हायला हवी. ती आज आहे तशी, म्हणजे विचारून घ्यायची आणि घाबरत चालवायची गाडी म्हणूनच ठेवणार असाल, तर या व्यवहारात तुमचं नुकसान आहे. मग पुढच्या वर्षी फाल्गुन येईल, गाडी पार्किंगमध्ये असेल आणि तुम्ही दोघं घरात असाल.

घाटासाठी गाडी निवडताना बहुतेक लोक चढाचा विचार करतात. इंजिन किती ताकदीचं, पाच माणसं बसली तर दम लागेल का, एसी बंद करावा लागेल का. तुम्ही दोघंच जाता, तेव्हा चढ दोन्ही गाड्यांना जमेल. वॅगनआरचं लहान इंजिनही दुसऱ्या गिअरवर सावकाश वर येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खरी परीक्षा उताराची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या तळाशी. आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटरांत गाडी तेराशेच्या आसपास मीटर खाली उतरते. एवढ्या उतारावर गाडीला आवरून धरण्याचं काम एकट्या ब्रेकवर टाकलं, की ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि ओलावा वाढला की ते लवकर उकळतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं, असं मानक सांगतं. पाणी प्यालेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० वर येतो. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात आणि पॅडल पायाखाली मऊ पडतं. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. कोणतीही गाडी ठेवलीत तरी या वर्षी हे काम पहिलं करा.

आता दोन गाड्यांतला फरक. तुमच्या वॅगनआरला एबीएस नाही आणि एअरबॅगही नाही. ब्रेझाला दोन्ही आहेत. शहरात याने फारसं बिघडलं नसेल, पण वसंतातल्या घाटात बिघडू शकतं. फाल्गुनात पानगळ संपत आलेली असते आणि वळणावळणावर वाळलेल्या पानांचा थर असतो, त्याखाली बारीक खडी. अशा जागी घाबरून ब्रेक दाबला आणि चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत, गाडी वळवता येते. दरीच्या कडेला मला तेच हवं असतं. शेजारी हृदयावर नुकताच उपचार झालेला माणूस बसलेला असताना तर नक्कीच.

गुडघ्याबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबणार आहे. घाटात डावा पाय शहरापेक्षा जास्त राबतो. एखादा ट्रक पुढे लागला की पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, अर्धा क्लच, हँडब्रेक हे चालूच. दुखरा गुडघा तिथे एक क्षण उशीर करतो आणि गाडी चढावर मागे येते. मागे कोणी चिकटून उभं असेल तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ब्रेझाच्या ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. चढावर उभं राहून निघताना गाडी दोनेक सेकंद धरून ठेवण्याची सोयही तिच्यात आहे. मात्र ती सोय दोनेक सेकंदांचीच. ब्रेकवरचा पाय सोडला की लगेच ॲक्सिलरेटरवर जायला हवा.

पण ऑटोमॅटिकचा एक धोका आहे आणि तो तुमच्यासारख्या मॅन्युअलवर तयार झालेल्या चांगल्या चालकालाच जास्त. वॅगनआर उतरवताना तुम्ही सवयीने दुसरा गिअर टाकत असणार आणि इंजिनच गाडीला मागे ओढत असणार. ब्रेझामध्ये गिअर ‘डी’वर ठेवून निघालात तर ती उतारावर आपली वरचे गिअर टाकत सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मग वाटतं, ही गाडी अंगावर येते, जुनीच बरी होती. तुम्हाला रुंदीची वाटणारी भीती काही अंशी हीच असावी, असा माझा अंदाज आहे. तिच्या गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करायचं बटण आहे आणि ‘डी’च्या खाली ‘२’ व ‘एल’ या जागा आहेत. घाट उतरायला लागण्यापूर्वीच, वेग कमी असताना, ‘२’वर या. इंजिनचा आवाज वाढेल. त्याला घाबरू नका, गाडीला आवरण्याचं काम इंजिनाने हातात घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. न्यूट्रलवर मात्र कधीही उतरायचं नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून लोक तसं करतात आणि मग जळक्या ब्रेकचा वास घाटभर येतो.

रुंदीचं बोलू. ब्रेझा वॅगनआरपेक्षा सुमारे एक फुटाने रुंद आहे. वरंध्याच्या अरुंद भागात तो फूट जाणवतो, हे खरंच. पण तुम्हाला उजवी बाजू दिसते, डावी दिसत नाही, म्हणून ती एक फुटाऐवजी तीन फूट वाटते. यावर एक उपाय आहे. रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी असेल अशा मोकळ्या रस्त्यावर पहाटे जा. ह्यांना खाली उतरून उभं राहायला सांगा आणि डावं पुढचं चाक बरोबर पट्टीवर आणा. आता तुमच्या सीटवरून पाहा, ती पट्टी समोरच्या काचेच्या खालच्या कडेला कुठे भिडते? तिथे रंगीत टेपचा लहान तुकडा चिकटवा. चालवताना रस्त्याची कड त्या तुकड्याला भिडलेली दिसली की चाक कडेवर आहे. काही सकाळी असं चालवलंत की टेपची गरज उरत नाही. सीटही तुमच्या उंचीची करून घ्या. वर उचलायची सोय असेल तर उचला, बॉनेट दिसलं पाहिजे. आणि ती पुन्हा मागे सरकवायची नाही, असं घरात स्पष्ट सांगा.

इथे मी जरा घरात डोकावणार आहे, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की ब्रेझा घ्यायची तर विचारून घेता. आतापर्यंत ते चाललं, कारण तुमची स्वतःची गाडी होती. त्रेचाळिसाव्या वर्षी, शाळा आणि घर सांभाळून, पुण्याच्या रहदारीत तुम्ही चालवायला शिकलात. मनात येईल तेव्हा किल्ली उचलून निघायचं, हे त्या वॅगनआरने तुम्हाला दिलं. मला वाटतं, पोटातली कालवाकालव पत्र्याच्या गाडीसाठी तेवढी नाही, जेवढी या मोकळेपणासाठी आहे. आणि ती अगदी रास्त आहे. मी तुमच्या जागी असते तर मलाही झाली असती.

म्हणून ह्यांच्याशी एकदा नीट बोला. गाडी विकण्याविषयी नको, किल्लीविषयी बोला. घाटात आता तुम्हीच चालवणार असाल, तर एरवीही ती गाडी तुमच्या हाताखाली असली पाहिजे. भाजी आणायला, बँकेत जायला, बहिणीकडे जायला. वर्षभर शेजारी बसून राहायचं आणि चैत्रात एकदम वरंध्यात स्टिअरिंग हाती घ्यायचं, हे धोक्याचं आहे. एक किल्ली कायम तुमच्या पर्समध्ये. सर्व्हिसिंगला तुम्ही न्यायची, मेकॅनिकशी तुम्ही बोलायचं, टायरमधली हवा तुम्ही बघायची. आरसीवर नाव कोणाचं, हे मला दुय्यम वाटतं. बदलायचंच असेल तर बदलता येतं. ह्यांनाही हे जड जाईल, याची जाणीव ठेवा. आजारपणानंतर गाडीची किल्ली हातातून जाणं पुरुषांना बरंच लागतं. त्यांना रस्ता बघायला, कुठे थांबायचं ते ठरवायला, झाडं ओळखायला सांगा. शेजारच्या माणसाने सांभाळायची कामं घाटात खरोखर असतात. फक्त ‘ब्रेक मार, ब्रेक मार’ म्हणायचं नाही, एवढा करार आधी करून घ्या.

वॅगनआरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते मी लपवणार नाही. उंच छप्पर, ताठ बैठक, मोठ्या काचा, छोट्या जागेत वळणं. फुलं बघायला तिच्याइतकी सोयीची लहान गाडी कमीच. वसंत बघायला हे महत्त्वाचं आहे, कारण पावसाळ्यानंतरची आपल्याकडची फुलं जमिनीवर असतात. त्यांच्यासाठी गाडी सोडून पठारावर चालावं लागतं, वाकावं लागतं. वसंत झाडांवर असतो. पळस, पांगारा, काटेसावर ही सगळी निष्पर्ण झाडं डोक्यावर फुलं घेऊन उभी असतात आणि सीटवर बसून दिसतात. गुडघा दुखणाऱ्या माणसाला निसर्गाने दिलेला हा ऋतू आहे. पण ब्रेझातूनही ती दिसतात. बैठक उंच असल्याने कठड्यापलीकडची दरीसुद्धा दिसते.

कागदपत्रांचं गणित मात्र वॅगनआरच्या बाजूने नाही. तिची पंधरा वर्षांची नोंदणी २०२३ मध्ये संपली आणि पाच वर्षांसाठी वाढवली असणार, म्हणजे २०२८ मध्ये पुन्हा आरटीओ, पुन्हा तपासणी, पुन्हा पर्यावरण कर. शिवाय वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. त्याआधीच्या टप्प्याला ते ५,००० आहे. पीयूसी तिला दर सहा महिन्यांनी लागते, ब्रेझाला वर्षातून एकदा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील त्यासाठी बनवलेल्या नाहीत. ब्रेझाही पूर्णपणे त्यासाठी बनलेली नाही, पण अठरा वर्षांचं रबर ते अठरा वर्षांचं रबर. हे सगळं सांभाळणारी हौशी माणसं आहेत, त्यांचं मला कौतुक आहे. एकच पार्किंग असताना आणि घरात एकाचं औषधपाणी चालू असताना ते तुमच्यावर लादावं, असं मला वाटत नाही.

वाईला दिरांच्या अंगणात ठेवायचा बेत कृपा करून सोडून द्या. ऐकायला तो प्रेमळ वाटतो, पण गाडीचा शेवट करायची ती हमखास रीत आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून खराब होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, उंदीर वायरिंग कुरतडतात. विमा भरत राहावाच लागतो. पावसाळा गेला की दीर संकोचाने फोन करतील, वहिनी, गाडीचं काय करायचं? आणि तेव्हा तिला आजच्या निम्मीही किंमत येणार नाही. चालती गाडी चालत्या हातात द्यावी.

मुलाचं म्हणणं शहरापुरतं बरोबर आहे. लक्ष्मी रस्त्यावर, स्टेशनवर, रात्रीच्या लग्नाला कॅबच करा. पण कॅबवाल्याला ‘थांबा, त्या सावरीवर हळद्या बसलाय’ असं दर दोन किलोमीटरला सांगता येत नाही. सांगितलं तरी तो बिचारा घड्याळ बघणार. तुमच्या सहलीत पोहोचायचं कुठेच नसतं, म्हणून ती कॅबने होणार नाही. मुलाला हे असंच सांगा, त्याला कळेल. त्याला काळजी आहे ती आईबाबा घाटात एकटे असण्याची. निघताना मार्ग कळवा, घाटाखाली उतरल्यावर एक फोन करा. वरंध्यात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो जीव खाणार नाही.

आता यंदाचा वसंत. तुमच्याकडे एप्रिलअखेरपर्यंत वेळ आहे आणि ब्रेझा हातात येण्यासाठी याहून चांगला काळ नाही. पाऊस नाही, धुकं नाही, रस्ता कोरडा. फक्त वरंध्यापासून सुरुवात करू नका. आधी एका पहाटे जुन्या कात्रज घाटाने वर जाऊन परत या. नवा बोगदा झाल्यापासून तिकडे जड वाहनं कमी असतात. ‘२’वर उतरण्याचा पहिला सराव तिथे होईल. मग पसरणी. सुरूर फाट्यावरून वाईकडे जाताना जे जुने वड शिल्लक आहेत, ते कोवळ्या पालवीने चकाकत असतात. वाईत दिरांकडे चहा घ्या. पसरणीचा रस्ता प्रशस्त आहे, वळणं समंजस आहेत आणि खाली धोमचं पाणी व कृष्णेचं खोरं दिसतं. पाचगणीला पोहोचून तिथूनच मागे फिरलात तरी दिवस सार्थकी लागला.

तिसऱ्या वेळी महाबळेश्वर आणि आंबेनळी. मार्चच्या उत्तरार्धात महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी फुलते. फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, पानांच्या आत दडलेले. चालत्या गाडीतून दिसेल न दिसेल, तेवढ्यासाठी खाली उतरा. जांभळीलाही मोहोर असतो आणि मधमाश्या त्यावर तुटून पडलेल्या असतात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. पुढे आंबेनळीत कुसुंबाची नवी पालवी बघा. लालभडक, लांबून फुलंच वाटावीत अशी, आणि पंधरवड्यात ती हिरवी होऊन जाते. म्हणून तारीख पुढे ढकलत बसू नका. प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत उतरून परत चढलात तरी चालेल, पोलादपूर गाठलंच पाहिजे असं नाही.

वरंधा शेवटी. भोर सोडलं की नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो. तिथल्या उघड्या माळांवर पळस, आणि घाटमाथा जवळ आला की पांगारा आणि सावर. फुललेल्या सावरीखाली गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं काचा खाली करून नुसतं बसा. मैना, बुलबुल, कोतवाल, सातभाई, सगळ्यांची तिथे गर्दी असते आणि लांबून कुटुर्ग्याचं कुट्रूक कुट्रूक चालू असतं. वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा मिळतो. माकडांना मात्र काही देऊ नका. खाऊ मिळायची सवय लागली की ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली सापडतात. एप्रिलात गेलात तर करवंदीच्या जाळ्या भरलेल्या असतील आणि बहावा पिवळा व्हायला लागलेला असेल.

अरुंद जागी समोरून एसटी आली तर नियम लक्षात असू द्या: उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही उतरत असाल तर वळणाच्या अलीकडेच, रुंद जागी थांबून घ्या. तुम्ही चढत असाल आणि समोरचा थांबला नाही, तरी हक्क सांगत बसू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. एसटीचे चालक तो घाट रोज करतात. त्यांनी हाताने ‘या’ म्हटलं तर तेवढी जागा खरोखर असते.

निघा पहाटे पाचला. ऊन चढायच्या आत घाट आणि उन्हं कलल्यावर परत. मधली दुपार सावलीत, डबा खाऊन, ह्यांच्या डोळ्याला डोळा लागू द्या. त्यांच्या गोळ्या गाडीच्या कप्प्यात तापत ठेवायच्या नाहीत, पिशवीत बरोबर ठेवा. घाटाच्या दिवसांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळा, तुम्हाला आता शाळा नाही. आणि शिमग्याच्या आठवड्यात कोकणात उतरणारे रस्ते चाकरमान्यांचे असतात, ते त्यांना मोकळे ठेवा.

एक गोष्ट मला दरवर्षी त्रास देते, म्हणून लिहिते. याच दिवसांत डोंगरउतारावरचं गवत पेटतं किंवा पेटवलं जातं. काळे पडलेले उतार तुम्हीही पाहिले असतील. त्यात रोपं जातात, जमिनीवरची घरटी जातात. वणवा दिसला तर पुढच्या वळणाला सुरक्षित थांबून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर ठिकाण सांगा. धूर रस्त्यावर आला असेल तर त्यात गाडी घालू नका, मागे फिरा.

ब्रेझाच्या टायरांवर एक नजर टाका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे शेवटी २० असेल, म्हणजे कंपनीतून आलेलेच टायर असतील, तर खाचा कितीही खोल दिसल्या तरी सहा वर्षांत रबर कडक होतं. घाटाआधी बदला. वॅगनआरच्या पैशांतून हा खर्च सहज निघेल.

आणि वॅगनआर देताना घाई करू नका. घाटातल्या माणसाला किंवा नवशिक्या पोराला ‘स्वस्तात’ देण्यापेक्षा गावात जवळपास चालवणाऱ्या, गाडी निगुतीने ठेवणाऱ्या कुणाला तरी द्या. एबीएस नाही, एअरबॅग नाही, नोंदणी कधी संपते, हे सगळं स्पष्ट सांगून. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर आधी बसवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती लागते. फास्टॅग बंद करा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली देऊन मोकळं व्हायचं नाही. नवीन मालकाच्या नावावर आरसी झाल्याचं डोळ्यांनी बघेपर्यंत मागे लागा. नोंदणी तुमच्या नावावर आहे तोवर तिच्या अपघाताची भरपाईही तुमच्या दारात येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. ओळखीतला माणूस असला तरी हे कराच, ओळखीत तर जास्तच.

आंबेनळीपर्यंत सराव झाल्यावरही ब्रेझात तुमचे खांदे आवळलेलेच राहिले, तर मला पुन्हा लिहा. मग ब्रेझाही विकून लहान, नवी, एबीएस आणि एअरबॅग असलेली ऑटोमॅटिक घेण्याचा विचार करू. पण मला वाटतं, तशी वेळ येणार नाही. वरंध्याला निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र भोरमध्ये कुणाला तरी फोन करून रस्ता चालू आहे ना, हे विचारून घ्या. तिथे रस्त्याची कामं निघतात आणि घाट मध्येच बंद असतो. बंद असेल तर ताम्हिणी आहेच.